तीन ओळींची नोटीस

क्लबच्या दारावर नोटीस लागली तेव्हा
खळ अजून ओली होती.
आमच्याच कारखान्यातली, सुताला लावतात ती.
तीन ओळी. म्याकल सरांचं माकल झालेलं,
खाली अध्यक्षांची सही,
टॉवेलच्या चलनावर करतात तीच.

पारा दुपारी चव्वेचाळीसला टेकून आला होता.
सात वाजले तरी मैदानाचा कठडा
बुडाला चटके देत होता
आणि आम्ही त्यावर ओळीनं बसून
निकाल देत होतो.

हिप्परगी म्हणाला, बरं झालं बे.
सात मॅच, एक गोल,
तोही समोरच्यांनी स्वतःच्या जाळ्यात मारलेला.
आडतीवर असतो तो, हिशेब तोंडपाठ.
इलियास म्हणाला, काढायचंच तर अध्यक्षाला काढा की.
पुढे खेळतो कोण? अध्यक्षाचा मेहुणा.
पळतो कुठवर? पाण्याच्या बाटलीपर्यंत.
पिल्लेकाका रेल्वेत गार्ड होते,
ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले,
गाडी वेळेत आली की
ड्रायव्हरचं नाव कोण विचारतंय?
यावर हिप्परगी म्हणाला, वेळेत आलीच कधी?
आणि सगळे हसले. पिल्लेकाकाही.

मी काही बोललो नाही.
कारण मागच्या रविवारी, कुर्डुवाडीविरुद्ध,
तीन गोल खाल्ल्यावर
'म्याकल हटाव' पहिल्यांदा ओरडलो तो मी.
माग चालतो तशी चाल लागली होती त्याला,
खटक फटक, खटक फटक,
तिसऱ्या वेळेला अख्खा कठडा माझ्या मागं.
सरांनी एकदा वळून पाहिलं.
आमच्याकडं नाही, बाकावर बसलेल्या पोरांकडं.
तिथं शेवटाला माझा पुतण्या होता, राखीव गोलकीपर.
शनिवारी त्याला रातपाळी लागू नये म्हणून
हा माणूस सायकलवरून
रात्री दहाला आमच्या मालकाच्या दारात उभा राहायचा.
मला माहीत होतं.
मी स्वतः खुर्ची दिली होती एकदा.
तरी ओरडलो.
घसा दोन दिवस बसला होता.

नोटीस हातात दिली तेव्हा
सर म्हणे फक्त 'पोनी' म्हणाले,
जाऊ द्या, अशा अर्थी,
आणि शिट्टी गळ्यातून काढून
टेबलावर ठेवली. शिट्टी त्यांची स्वतःची होती.

पुढच्या रविवारी बार्शी.
सर आले.
फाटकावरच्या पोरानं तसंच सोडलं असतं,
पण त्यांनी दहाची नोट काढून तिकीट फाडून घेतलं
आणि आमच्या दोन पायऱ्या खाली बसले.
कुणाला काय बोलावं कळेना.
हिप्परगी बुटाची नाडी बांधत राहिला,
त्याच्या पायात चप्पल होती.

एकविसाव्या मिनिटाला मेहुण्यानं
रिकामं गोल चुकवलं.
सर ताडकन उठले,
'काय करलालाय बे!'
नऊ वर्षं रेघेवर उभा राहिलेला माणूस,
सगळं हातांनीच सांगायचा.
आवाज कधी ऐकलाच नव्हता आम्ही.
बारीक होता, पोरासारखा.

मग इलियासनं शेंगांचा पुडा पुढं केला.
विचारलं, सर, खरं सांगा, काढलं ते बरोबर होतं?
सरांनी दोन शेंगा फोडल्या, फुंकर मारली.
'मी असतो तर चौथ्या मॅचलाच काढलं असतं.'
आणि लगेच, तोंडात दाणे तसेच,
'डावीकडचा दमलाय, बदला त्याला, बदला!'
आम्हीही ओरडलो. बदला, बदला.

नव्या मॅनेजरनं मान वळवली.
गोरटेला, नवा टीशर्ट, घडीच्या रेषा तशाच.
आमच्यावरून नजर फिरवून
त्यानं बाकावरची पोरं मोजली.
त्याचं आडनाव काटवे.
मी मनात म्हणून बघितलं,
खटक फटक,
चालीत बसत होतं.
मी पुड्यात हात घातला
आणि तोंडात मावतील तेवढ्या शेंगा कोंबल्या,
सालीसकट.